पेठेतला वाडा पाडण्याआधी खालच्या जमिनीचा तपास कसा करून घ्यावा?

कसबेकर

नमस्कार मंडळी. आमचा वाडा पुनर्विकासाला चालला आहे. कसबा पेठेत, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत. मालक आणि भाडेकरू यांचं एकमत झालंय, विकसकाशी बोलणी बहुतेक ठरली आहेत, करारनाम्याचा मसुदा वकिलांकडे आहे. वाडा पडणार याबद्दल माझी काही तक्रार नाही. मागच्या भिंतीला टेकू आहेत, तुळयांना वाळवी आहे, दर पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्याची नोटीस येते. माणसांनी असं जीव मुठीत धरून राहू नये.

माझा प्रश्न वाड्याच्या खालच्या जमिनीबद्दल आहे. प्राथमिक नकाशात यांत्रिक पार्किंगसाठी खड्डा दाखवलाय. म्हणजे जोत्यापासून पाच-सहा मीटर खाली, जवळजवळ सगळ्या प्लॉटभर. आणि ही जागा पुण्याच्या सगळ्यात जुन्या वस्तीतली. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या ७६८ सालच्या तळेगाव ताम्रपटात पूनक विषय म्हणजे हा प्रांत येतो. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी कसब्यात घेतलेल्या खड्ड्यांत वस्ती त्याहूनही मागे, सातवाहनकाळापर्यंत गेली. १६३०च्या सुमारास मुरार जगदेवानं पुणं जाळलं, गाढवांचा नांगर फिरवला, हे आपण शाळेत शिकलो. ती जळकी माती कुठे गेली? ती इथेच खाली असणार.

आजवर आपल्या शहरात जे सापडलं ते बहुतेक यंत्र आदळल्यावर. २०१९ साली मेट्रोच्या कामात मंडईजवळ मोठ्या जनावराची हाडं निघाली, हत्तीची असावीत असं तेव्हा सांगितलं गेलं. त्याच वर्षी स्वारगेटला जमिनीखालचा जुना पाण्याचा मार्ग लागला. मेट्रोचं काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालतं, म्हणून बातमी तरी झाली. वाड्याच्या प्लॉटवर पत्रे ठोकले की आत जेसीबी काय काढतोय ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. चार रात्रींत डंपर भरून माती गावाबाहेर जाते.

मला काम थांबवायचं नाही. खड्डा घेण्याआधी, किंबहुना खड्डा कुठे घ्यायचा हे ठरण्याआधी, खाली काय असू शकतं याचा कुणी जाणत्या माणसानं अंदाज बांधावा एवढंच हवंय. हे कसं करतात? कुणाला बोलवायचं? कुणी केलंय का? करारावर सह्या व्हायच्या आत मला नेमकं काय मागायचं ते कळायला हवं.

पाया_भरणी

मी माती परीक्षणाच्या व्यवसायात आहे, पुण्यातल्या पेठांमध्ये बरंच काम केलंय. तुम्हाला हवा असलेला तपास अर्धा तर विकसक स्वतःच्या पैशानं करणारच आहे, फक्त तो कुणी त्या नजरेनं वाचत नाही.

स्ट्रक्चरल इंजिनिअरला पायाचं डिझाइन करायला बोअर, म्हणजे यंत्रानं जमिनीत पाडलेली अरुंद खोल भोकं, लागतात. तुमच्या आकाराच्या प्लॉटवर साधारण तीन-चार. खडक लागेपर्यंतच्या मातीत दर दीड मीटरला एसपीटी, म्हणजे माती किती घट्ट आहे ते बघायची चाचणी, घेतात. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. आमचं लक्ष त्या ठोक्यांच्या आकड्यावर असतं. पण ती नळी उभी दुभंगते आणि आत मातीची कांडी येते, थर बऱ्यापैकी शाबूत. पेठेतली अशी कांडी मी किती वेळा हातात घेतलीय: वर करडी भुसभुशीत राख, मग बोटभर जाडीची घट्ट तपकिरी माती, तिच्यात कोळशाचे कण, चुन्याची कपची, एखादा खापराचा तुकडा, कधी हाडाचा.

आणि अहवालात या सगळ्यापुढे एकच शब्द लिहिला जातो, 'भराव'. शून्य ते साडेचार मीटर, भराव. पाया त्यावर टेकत नाही, म्हणून आमच्यासाठी ती बिनकामाची माती. खाली मुरूम किंवा काळा पाषाण लागला की अहवालाला सुरुवात होते म्हणा ना. दोन एसपीटींच्या मधली माती तर बहुतेक वेळा पाण्याच्या धारेनं धुऊनच काढतात. नमुन्यांच्या पिशव्यांवर लेबलं लागतात, अहवाल गेला की थोड्या दिवसांनी पिशव्या कचऱ्यात.

तेव्हा आत्ताच लेखी मागा: वरच्या मातीतले सगळे नमुने लेबलासकट राखून ठेवावेत, आणि भरावाचं वर्णन एका ओळीत न करता थरवार लिहावं, रंग, राख, खापर, वीट, हाड जे दिसेल ते खोलीसकट. ड्रिलिंगवाल्याला यात विशेष जादा काम नाही. साइटवर लिहून घेणारा मुलगा तेवढा जागेवर हवा.

खापरी

पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे. पाया_भरणी यांनी सांगितलेलं वाचून खरंच आनंद झाला, कारण आम्ही हा 'भराव' शोधत गावोगाव फिरतो! गावाकडे ज्याला पांढरीची माती म्हणतात तीच ही. माणसं एका जागी शेकडो वर्षं राहिली, मातीची घरं पडली, त्यांच्यावर पुन्हा उभी राहिली, चुलींची राख साठली, तेव्हा हा उंचवटा तयार झाला. नदीकाठच्या नैसर्गिक काळ्या मातीत राख-खापर असं एकत्र मिळत नाही. म्हणून साडेचार मीटर 'भराव' वाचला की पहिला विचार यावा तो वस्तीचा.

कसबेकर, जागेची शक्यता अजमावताना दोन गोष्टी लागतात. एक, तिथे काय असू शकतं. दुसरी, जिच्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, त्यातलं आतापर्यंत किती उद्ध्वस्त झालंय. जुन्या वस्तीत जमीन सतत खोदली गेलीय. आड, पेवं, शौचकूप, सेप्टिक टँक, ड्रेनेजच्या लाइनी, एखादी सिमेंटची बांधणी मध्येच झाली असेल तर तिच्या कॉलमचे खड्डे. तुमच्या वाड्यात कुठे काय आहे ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून प्लॉटच्या नकाशावर काढा. जिथे कुणी कधीच कुदळ मारली नाही असा भाग, म्हणजे बहुतेक वेळा मधला चौक आणि ओसरीखालची जागा, तिथे थर शाबूत असण्याचा संभव जास्त.

मग कागद. प्रॉपर्टी कार्ड आणि सिटी सर्व्हेची जुनी शीट आधी काढा. १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये पेठवार वर्णन आहे. पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ इथे वाड्याच्या नावानं काही मिळतं का पाहता येईल, पण त्याला वेळ लागतो आणि मोडी वाचणारं माणूस लागतं. सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे जुने ओढे. नागझरी कसब्याच्या पूर्वेला. आंबिल ओढा पूर्वी आजच्या बाजीराव रस्त्याच्या बाजूनं शनिवारवाड्याकडे यायचा, नानासाहेब पेशव्यांच्या काळात तो पश्चिमेकडे वळवला. मूळ पुणं वसलं ते या दोन ओढ्यांच्या मधल्या उंचवट्यावर, मुठेच्या काठी. तुम्ही उंचवट्यावर आहात की उतारावर, यानं अंदाज बदलतो. उतारावर वरून वाहून आलेली, उलटसुलट झालेली माती मिळू शकते. नदीच्या अगदी जवळ असाल तर सगळ्यात वर १९६१च्या पानशेत पुराचा गाळही सापडेल.

प्रत्येक पेठेचा हिशोब वेगळा आहे हेही लक्षात घ्या. सदाशिव पेठ वसली पेशवाईत. तिथे दोन हजार वर्षांचे थर शोधायला कुणी जाणार नाही. तिथे पाहायचा तो कात्रजचा नळ, म्हणजे पेशवाईत कात्रजच्या तलावातून शहरात आणलेला जमिनीखालचा पाण्याचा मार्ग, त्याचे उच्छ्वास (हवेसाठी ठेवलेली तोंडं), हौदांकडे गेलेल्या शाखा. पाइल (पायाचे खोल खांब) घेताना असा चुनेगच्ची नळ फुटला तर पाणी कुठल्या कुठे निघतं.

आणि कळकळीची एक विनंती. वाडा पाडताना आड राडारोड्यानं बुजवू देऊ नका. आडात पडलेल्या वस्तू तळाच्या ओल्या गाळात टिकतात, लाकूड, चामडं, दोरखंडसुद्धा. बुजवायचाच असेल तर आधी कुणाला तरी बघू दे.

शेजारपेठ

कसबेकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत राहतो. २०१०च्या कायदादुरुस्तीनंतर आमच्या गल्लीत नवीन बांधकाम बंद. शंभर मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे दोनशे मीटर परवानगीनं. आमचा वाडा तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेत आहे आणि आम्ही दुरुस्तीच्या परवानगीसाठी खेटे घालतोय. शेजारी दोन बिऱ्हाडं कंटाळून धायरीला गेली, घरांना कुलपं लागली, आता ती घरं आपोआपच पडतील.

आमच्या भागात 'पुरातत्त्व' हा शब्द काढला की म्हातारी माणसं हात जोडतात. उद्या तुमच्या खड्ड्यात दोन जुन्या विटा निघाल्या आणि अख्खी गल्ली गोठली तर? मला शनिवारवाडा जिवापाड प्रिय आहे. १८२८च्या आगीत आतलं सगळं गेलं तरी त्या दरवाज्यासमोर उभं राहिलं की अजून ऊर भरून येतो. पण तो सांभाळण्याचा खर्च फक्त शेजाऱ्यांनी का सोसायचा?

दस्तनोंदणी

मी वकिली करतो, मालमत्तेची प्रकरणं बघतो. शेजारपेठ यांची भीती अनाठायी नाही, पण दोन गोष्टींची गल्लत होतेय.

शंभर मीटरची बंदी लागते ती राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून घोषित झालेल्या स्मारकाभोवती. १९५८चा केंद्रीय कायदा आणि त्याची २०१०ची दुरुस्ती. जमिनीत खापरं सापडली म्हणून जागा आपोआप संरक्षित होत नाही. नव्यानं घोषित करायची तर अधिसूचना काढून दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते, हरकती घ्याव्या लागतात. आपल्या राज्याचा स्वतंत्र कायदा १९६०चा आहे. दाट वस्तीत खापरांच्या थरापायी कुणी ते पाऊल उचलेल असं मला वाटत नाही, पण 'कधीच होणार नाही' असं लिहून देणारा वकील भेटला तर त्याच्यापासून लांब राहा.

सापडलेल्या वस्तूंचं वेगळं. १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक, न कळवणं गुन्हा. दहा रुपये हा आकडा १८७८चा आहे, तरी कायदा तो आहे. शिवाय १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, कोरीव दगड ही पुरावस्तू. विकता येते ती परवान्यानं, देशाबाहेर तर नाहीच. खोदकामाच्या ठेकेदाराला हे करारात लिहून द्या, कारण नाणी सापडली की ती मजुराच्या, मुकादमाच्या आणि सराफाच्या हातून जातात आणि पुरावा उरत नाही.

आता मुख्य अडचण. जो वाडा वारसा यादीत नाही, त्याच्या बांधकाम प्रस्तावासोबत जमिनीखालच्या अवशेषांचा अहवाल कुणी मागत नाही. यादी आहे ती जमिनीवर दिसणाऱ्या वास्तूंची. त्यामुळे कसबेकर, तुम्हाला जे करायचं ते करारातूनच करावं लागेल. आणि उत्साहाच्या भरात स्वतः 'उत्खनन' करू नका, त्याला परवानगी लागते. पायासाठी घेतलेल्या खड्ड्यावर जाणकार माणूस उभं राहून नोंद घेतो, याला कुणाची आडकाठी नाही.

ओवी_यॉर्क

मी मूळची सांगलीची, आता यॉर्कमध्ये नियोजन खात्यात काम करते. इथे ही पद्धत गेली तीसेक वर्षं रुळलीय म्हणून लिहिते.

१९८९ साली लंडनमध्ये ऑफिसची इमारत बांधताना शेक्सपिअरच्या काळातल्या रोझ नाट्यगृहाचा पाया निघाला. लोक यंत्रांसमोर उभे राहिले, नट मंडळी रस्त्यावर आली, डिझाइन घाईघाईनं बदलावं लागलं, विकसकाचं प्रचंड नुकसान झालं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९०मध्ये, सरकारनं मार्गदर्शक सूचना काढल्या: तपास परवानगीच्या आधी, आणि खर्च विकसकाचा. म्हणजे पद्धत आली ती विकसकांनाही अनिश्चितता नको होती म्हणून. शेजारपेठ, तुमच्या मुद्द्याला हे लागू पडतं असं मला वाटतं. काम गोठतं ते अवशेष उशिरा सापडल्यामुळे. लवकर कळलं की नकाशा बदलता येतो.

पायऱ्या साध्या आहेत. आधी कागदोपत्री तपास: जुने नकाशे, आसपास पूर्वी काय सापडलं, बोअरच्या नोंदी. त्यातून खरंच काही शक्यता दिसली तरच दोन-तीन चाचणी चर. त्यावरून ठरतं की जागा मोकळी सोडायची, रीतसर खोदून नोंद घ्यायची, की नुसती खोदकामावर देखरेख ठेवायची. बहुतेक प्रकरणं पहिल्या पायरीवरच मिटतात.

यॉर्कचं उदाहरण मुद्दाम सांगते. इथे कॉपरगेटला १९७६ ते १९८१ खोदकाम झालं, व्हायकिंग काळातली लाकडी घरं, चामड्याची पायताणं, कापड निघालं, कारण खालची माती पाण्यानं भिजलेली होती. पुढे १९९१च्या एका अभ्यासानं शहराच्या मध्यभागासाठी असं सुचवलं की नव्या इमारतीच्या पायानं खालच्या शाबूत थरांपैकी पाच टक्क्यांपेक्षा जास्त भागाला धक्का लावू नये. मग इंजिनिअर कामाला लागले: कमी पाइल, एकमेकांपासून लांब, जिथे आधीच खोदलंय तिथेच. इमारती थांबल्या नाहीत. तळघरं मात्र जवळजवळ बंद झाली.

या पद्धतीवर टीकाही झालीय आणि ती मला पटते. इमारतीखाली थर 'राखला' म्हणून फाइल बंद होते, पण शेजारच्या कामांनी भूजल खाली गेलं तर ते भिजलेलं लाकूड कोरडं पडून कुजतं, आणि वर इमारत असल्यामुळे कुणाला कळतही नाही. पुण्यात नदीकाठच्या तळघरांतून पंप लावून पाणी उपसतात ना? त्याचा विचार करायला हवा.

करवीरकर

कोल्हापुरातून. आमच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहनकाळातली विटांची घरं, बहामनीकाळातल्या रंगीबेरंगी काचेच्या बांगड्या. त्याच्या थोडंच आधी तिथे कांस्य वस्तूंचा साठा मिळाला होता, त्यातली रोमन समुद्रदेव पोसायडनची मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. वीतभर उंचीची, पण एक खांदा उचलून अशी ऐटीत उभी आहे की पाहतच राहावं. पंचगंगेच्या काठी, समुद्रापासून एवढ्या आत!

हे सगळं थोड्याशा जागेतून. आज त्या टेकाडावर दाट वस्ती आहे आणि आता तिथली घरंही पुनर्विकासाच्या वयात आलीत. निदान जिथे उत्खनन होऊन अहवाल छापले गेलेत, तिथे तरी महापालिकेच्या नकाशावर एक रेघ ओढून ठेवायला काय हरकत आहे?

गोदाकाठ

+१. नाशिकची मातीची गढी तशीच. १९५०-५१ला सांकलिया आणि शां. भा. देव यांनी खोदली, ताम्रपाषाण काळापासून मराठेशाहीपर्यंतचे थर मिळाले. गोदावरीच्या काठावरच्या अशा मातीच्या उंचवट्यांवर आमच्याकडे माणसं राहतात, पावसाळ्यात कडा ढासळतात, स्थलांतराच्या नोटिसा निघतात. तिथे माणसांचा जीव आणि इतिहास एकाच कड्यावर आहे, त्यामुळे शेजारपेठ काय म्हणतात ते नीट कळतं.

मागची_खोली

कसबेकरदादा, ओळखलंत ना? मी तुमच्याच वाड्यातली, हा धागा माझ्या भाच्यानं दाखवला. तुम्ही मीटिंगमध्ये हे बोलला नाहीत, म्हणून इथेच विचारते. भाडेकरूंना पर्यायी जागेचं भाडं मसुद्यात ठरावीक मुदतीपुरतंच आहे. तुमच्या तपासणीपायी काम लांबलं तर मुदतीनंतर आम्ही कुठे जायचं? माझ्या सासूबाईंना जिना चढवत नाही, लिफ्टच्या घराची त्या वाट बघतायत. मातीखाली काय आहे याची उत्सुकता मलाही आहे. अंगण सारवायला खणलं की निळ्या नक्षीचे चिनी मातीचे तुकडे निघायचे, माझ्या मुलींनी ते सागरगोट्यांच्या डबीत जपून ठेवलेत. पण पहिलं प्राधान्य घराला.

कसबेकर

वहिनी, बरं झालं इथे लिहिलंत. अगदी रास्त प्रश्न आहे, आणि याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी मीटिंगमध्ये हा विषय रेटणार नाही. तपास जागा रिकामी करायच्या आधी व्हावा असं माझं मत या धाग्यामुळेच झालंय. बोअर चौकात आणि मागच्या बोळात घेता येतात, आपण राहत असतानाच. पर्यायी भाड्याची मुदत सुरू होईल तोवर अहवाल हातात असेल. आणि भाडं नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत, काम कशामुळेही लांबलं तरी, हे कलम आपण दोघांनी मिळून मागू.

खापरी

मागची_खोली ताई, ते निळ्या नक्षीचे तुकडे कृपा करून जपा! चिनी मातीची भांडी पेशवाईत श्रीमंत घरांत वापरात होती, नंतर विलायती बनावटीचीही आली. तुकड्याच्या कडेला आतली माती पांढरीशुभ्र, काचेसारखी गुळगुळीत आहे की जराशी पिवळट सच्छिद्र, यावरून थोडा अंदाज येतो. आणि कुठल्या कोपऱ्यात मिळाले ते मुलींना आठवत असेल तर त्यांच्याकडूनच नकाशावर खूण करून घ्या. ती खरीखुरी नोंद आहे.

विटांचंही सांगून ठेवते, म्हणजे पाडकामात लक्ष राहील. पेशवाईतली वीट चपटी, पातळ. सातवाहनकाळातली वीट आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट लांबीची, जाड, बहुधा भाताचा तूस मिसळलेली. अशी एखादी वीट वाड्याच्या भिंतीत नंतर वापरलेलीही सापडू शकते. भाजक्या मातीची मोठी कडी एकावर एक रचलेली दिसली तर काम तिथेच थांबवून फोटो काढा. ती त्या काळातली कड्यांची विहीर किंवा शोषखड्डा असतो, यंत्राच्या एका फटक्यात जातो.

कसबेकर

थोडं पुढे सरकलंय म्हणून लिहितो. विकसक नमुने राखायला तयार झाले, फारशी खळखळ न करता. बोअर चौकात, मागच्या बोळात आणि रस्त्याकडच्या दुकानांच्या मागे झाले. ड्रिलिंग चाललं होतं तेव्हा पाया_भरणी स्वतः येऊन उभे राहिले, त्यांचे आभार कसे मानू कळत नाही. खापरी आणि त्यांच्या ओळखीचे एक जाणकार गृहस्थ नमुने बघून गेले.

रस्त्याच्या बाजूला दीड मीटरवर मुरूम लागला, वरची माती अलीकडची, पाइपलाइनी आणि जुन्या सेप्टिक टँकनं पार उसकटलेली. चौकात मात्र साडेचार मीटरपर्यंत माती, आणि तीन मीटरच्या नमुन्यात राखेचा जाड पट्टा, त्याच्याखाली भाजलेल्या लालसर मातीचे गोळे. भट्टी असेल, जळकं घर असेल, साधी चूलही असेल. एवढ्याशा नळीवरून नाव देऊ नका असं त्यांनी बजावून सांगितलंय, म्हणून मीही देत नाही. मुरार जगदेवाचं नाव मीटिंगमध्ये दोघांनी घेतलंच, तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं.

पाया_भरणी

यात इंजिनिअरिंगचा मुद्दा जोडतो, आर्किटेक्टपुढे तोच जास्त चालेल. चौकाच्या बाजूला साडेचार मीटर भुसभुशीत माती आहे आणि लागून शेजाऱ्याचा मातीच्या भिंतींचा वाडा. तिथे खोल खड्डा घेतला तर आधी शोअर पाइलची, म्हणजे खड्ड्याची बाजू धरून ठेवणाऱ्या खांबांची, भिंत घ्यावी लागेल, तरी शेजाऱ्याच्या भिंतीला तडे जाण्याचा धोका राहीलच. पेठेत अशा खड्ड्यांनी शेजारची भिंत खाली आलेली मी पाहिलीय. रस्त्याच्या बाजूला मुरूम उथळ आहे, फोडायला कठीण पण उभा राहतो. पार्किंगचा खड्डा तिकडे न्या, दोन ओळींऐवजी एक ओळ खोल करा. चौकाखाली तळघर नको, तिथे कॉलमपुरत्या पाइल जाऊ देत आणि वर मोकळी जागा येऊ दे. नियमावलीनुसार बाजूची आणि मागची मोकळी जागा सोडायची आहेच, तीच तिकडे घ्यावी.

शेजारपेठ

हे मला पटलं. खड्डा सरकवायचा, काम थांबवायचं नाही. आमच्या गल्लीला याचा आज उपयोग नाही, पण अशी दहा-वीस कामं बिनबोभाट झाली तर 'पुरातत्त्व' म्हटल्यावर लोक दार लावून घेणार नाहीत. बोअरच्या या नोंदी कुठेतरी एकत्र ठेवा मात्र. प्रत्येक वाड्याचा अहवाल विकसकाच्या कपाटात राहिला तर पुढच्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात.

पाया_भरणी

खरंय. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पेठांमध्ये इतके बोअर झालेत की ते नकाशावर मांडले तर जुन्या पुण्याखालचा उंचसखलपणा, ओढ्यांची बुजलेली पात्रं, मातीची जाडी, सगळं दिसेल. ग्राहकांची परवानगी घेऊन माझ्याकडचे जेवढे देता येतील तेवढे मी देतो. व्यवसायातल्या इतरांनाही विचारतो. खापरी, तुमच्या विभागात कुणी हे एम.ए.च्या प्रबंधासाठी घेईल का?

खापरी

मीच घेते. सरांशी बोलून इथे कळवते.

ओवी_यॉर्क

खापरी, खोली नोंदवताना ती जमिनीपासून न लिहिता समुद्रसपाटीच्या संदर्भानं लिही. पेठेत रस्ते दरवेळी डांबर चढवून वर येतात, जोती वेगवेगळ्या उंचीची आहेत. नाहीतर दोन बोअर एकमेकांशी ताडून बघता येणार नाहीत. इथे जुन्या नोंदींमध्ये हाच घोळ निस्तरत बसतो आम्ही.

रविवारातला

रविवार पेठेतून वाचतोय, आमच्या सोसायटीचीही बोलणी सुरू आहेत. दस्तनोंदणी साहेब, करारात नेमकं काय लिहायचं ते मराठीत द्याल का? आमच्या सभेत वाचून दाखवतो.

दस्तनोंदणी

कसबेकरांच्या मसुद्यासाठी केलेलं कलम देतो. तुमच्या वकिलांकडून तुमच्या करारानुसार बदलून घ्या:

"विकसक माती परीक्षणाचे बोअर मिळकतीचा ताबा घेण्यापूर्वी घेतील. नैसर्गिक मुरूम अथवा खडक लागेपर्यंतच्या मातीचे वर्णन थरवार व समुद्रसपाटीच्या संदर्भाने नोंदवतील, सर्व नमुने बांधकाम पूर्णत्वाच्या दाखल्यापर्यंत जतन करतील व अहवालाची प्रत सभासदांस देतील. तळघर, पार्किंगचा खड्डा व पाया यांची जागा सदर अहवाल सभासदांपुढे ठेवल्यानंतरच अंतिम करण्यात येईल. वरील मातीच्या थरातील खोदकाम दिवसाउजेडी व सभासदांनी नेमलेल्या जाणकार व्यक्तीच्या उपस्थितीत होईल. पुरावस्तू अथवा जुने बांधकाम आढळल्यास त्या भागातील काम थांबवून छायाचित्रे व मोजमापे घेण्यात येतील आणि कायद्यानुसार जिल्हाधिकारी व पुरातत्त्व विभागास कळविण्यात येईल. यामुळे होणाऱ्या विलंबाच्या काळातही पर्यायी जागेचे भाडे चालू राहील."

शेवटचं वाक्य मागची_खोली यांच्यामुळे आलंय. ते कुणाच्या सांगण्यावरून गाळू नका. भाडेकरूंच्या सह्या त्याच्यावरच अवलंबून आहेत.